रेवदंड्याच्या दारावरचा डोळा

मंडळी, आज बाबांना समुद्र दाखवायला रेवदंड्याला नेलं, आणि त्यांनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही!

बाबा म्हणजे आमच्या पेणमध्ये चाळीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला आणि त्यांनी मूर्तींच्या कारखान्यात जाणंच सोडलं. घरातही बोलेनासे झाले.

रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या जुन्या गावातली पडकी चर्चेस आता नारळाच्या वाड्यांत उभी आहेत. एका वाडीतल्या काकूंनी आपणहून फाटक उघडलं. मी बरोक शैली वगैरे सांगायला लागले, तर बाबा म्हणाले, "गप गो जरा."

ते चर्चच्या दारावर कोरलेला एक गुबगुबीत चेहरा बघत होते. नाक झिजलेलं, डोळे मात्र शाबूत.

"डावा डोळा खाली गेलाय. हात हलला असंल कोरणाऱ्याचा," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तरी लोकं अजून बघायला येतात."

काकूंनी खुर्ची आणून दिली. बाबा तासभर तिथेच बसले.

पेणला परतल्यावर गाडी घराकडे वळवली, तर म्हणाले, "कारखान्याकडे घे. आखणी नाय जमणार, पण कुणाची चुकली तर सांगता येईल."

त्या काकूंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रेवदंड्याचं कुणी वाचत असेल, तर त्यांना माझा निरोप द्याल का? सांगा, बाबांना घरी न्यायला येऊ का, हे विचारायला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाले, "थांब गो, काम चालू हाय."