वंदनाच्या टाळ्या

“‘फॉर्म भरून जा, फोन करू’ असं जो म्हणेल, त्याले मी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीत टाकीन!” मी असा ओरडलो की समता कॉलोनीतल्या दवाखान्यांतले अर्धे पेशंट न तपासताच बरे झाले. स्वयंसेवक कसे जोडावे, कसे टिकवावे, हे मी तेव्हा संस्थेच्या हॉलमध्ये कर्मचाऱ्यांना शिकवत होतो. आधी चहा, मग त्याच दिवशी काम. “हव भैया!” म्हणत त्यांच्यातल्या वंदनाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आज मार्करच्या वासाने ते सगळं आठवलं. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, म्हणून मीच स्वयंसेवक व्हायला त्या हॉलमध्ये उभा होतो. फळ्यापाशी वंदना शिकवत होती.

“वंदना, मले काही काम दे ना.”

तिने मार्करला टोपण लावलं.

“सर, फॉर्म भर दीजिए. फोन कर देंगे.”