माझ्या हातगुणाचा सोलर

माझ्या हाताला गुण आहे, असं किनवटच्या जंगलातलं एक अख्खं गाव महिनाभर मानत होतं.

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. (भूकंपानंतर लातुरात दोनच गोष्टी जोरात उगवल्या: पत्र्याची घरं आणि क्लास!) सासुरवाडी मात्र किनवटच्या पुढं, विजेचे खांब अलीकडच्या गावातच दमून थांबलेले. मेहुणी रेखा दहावीला, म्हणून मी सोलर बसवून दिला.

"प्लेट घरावर ठिवा," सासूबाई म्हणाल्या.

"डोक्यावर वजन? भूकंप पाहिलाय मी!" असं ओरडून मी प्लेट अंगणात, कमरेएवढ्या लोखंडी घोडीवर बसवली. रेखा खूश झाली. "दाजी, अकरावीला तुमच्याच क्लासला येते!"

परीक्षेला महिना उरला आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी आली: 'दाजी, बल्ब तासाभरात मरून राहिलाय. लवकर या.' मी येतोय असा उलट निरोप धाडला आणि गेलो. प्लेट आरशासारखी लख्ख! मीटर लावला, करंट झकास. तरी काहीतरी करायला हवं म्हणून बॅटरीत पाणी घातलं, वायरी आवळल्या. संध्याकाळी बल्ब भक्कन पेटला.

"जावयाच्या हाताला लई गुण हाय!" शेजारी म्हणाले. मी नम्रपणे नाही म्हटलं नाही.

आठवड्यानं पुन्हा चिठ्ठी, पुन्हा माझा निरोप, पुन्हा मी. या वेळी कंट्रोलरच बदलला. बल्ब पेटला! लातूरला येऊन मी पोरांना तासभर हाच पराक्रम सांगितला. (अभ्यासक्रम मागं पडला.)

तिसरी चिठ्ठी मात्र वेगळीच होती: 'दाजी, सोमवारी विज्ञानाचा पेपर. मी चिमणीवर वाचून राहिले. डोळे चुरचुरतात.' निरोपबिरोप राहिला बाजूला. नवी बॅटरी खांद्यावर घेऊन मी भरदुपारी अंगणात हजर!

प्लेट दिसेना. घोडीवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर ओळीनं कुरडया आणि शेजारी काठी घेऊन कावळे हाकणाऱ्या सासूबाई.

"अगं बाई, जावईबापू! निरोप न्हाई धाडला? थांबा, उचलते!"

"हे... कधीपासून?"

"कुरडया घालायला लागल्यापासून. लई झ्याक जागा! कोंबड्या बी चढत न्हाईत. रेखी शाळंतून यायच्या आत काढून ठेवते. आन् तुमी यायचं म्हनलं की त्या दिवशी घालतच न्हाई. प्लेट पुसून लख्ख करते. जावयाच्या मशीनवर कुरडया, बरं दिसतं का?"

"अहो, ते मशीन उन्हावर चालतं!"

"मग कुरडया काय सावलीत वाळतात? दोघंबी उन्हातच हायेत की!"

मला भयंकर लाज वाटली. पोरगी धुरात डोळे फोडत होती आणि मी हातगुण मिरवत होतो! प्लेट त्याच दिवशी घरावर चढवली. रेखा शाळेतून आली, तिनं प्लेट पाहिली, कुरडया पाहिल्या, मग मला पाहिलं.

ती दहावी झकास पास झाली. जूनमध्ये ट्रंक आणि डबाभर कुरडया घेऊन लातूरला आली. मी ऐटीत माझ्या क्लासचा फॉर्म काढला.

"दाजी," ती चाचरत म्हणाली, "राहते तुमच्याकडंच, पण फिजिक्स दुसऱ्या सरांकडं लावते."

मी मदतीसाठी बायकोकडं पाहिलं. ती आतून दुसऱ्या क्लासचा फॉर्म घेऊन आली. भरलेला!