घरात खाणारी माणसं चार

रशीदभाईंच्या शर्टाच्या खिशात कागदाची एक पुडी कायम असे. तिच्यात मीठ. पेरूवर, काकडीवर, भाकरीच्या पहिल्या घासावरही ते चिमूट सोडत. आणि ते चालवत ती जीप होती आमच्या हृदयरोग सर्वेक्षणाची.

दोन वर्षं आम्ही जिल्हा पिंजून काढला. चालणं, मीठ, तंबाखू, रक्तदाब. झटके कुठे जास्त आणि का, हे माझ्या तक्त्यांतून निघायचं होतं. रशीदभाई गाव दिसताच सांगून मोकळे होत. काष्टीकडे उसातून जाताना म्हणत, "पानी आलं की गाडी येती मॅडम, गाडी आली की पाय जात्यात. हितं पोटं मोजा." कोरडवाहू शेवगावकडे वळलो की, "हितली मान्सं चालत्यात लई, पन मिसरी आन् मीठ सोडत न्हाईत. आमीबी हितलेच." तक्ते भरले की त्यांचं बरंचसं खरं निघे. पाच वाजले की मात्र घाई. "चला, घरी वाट बघत्यात."

एकदा मी त्यांनाच समोर बसवलं. मीठ मोजायची आमची रीत सोपी: एक किलोचा पुडा, भागिले तो पुरतो ते दिवस, भागिले घरात खाणारी माणसं.

"किती दिवस?"

"दोन म्हैने."

"खाणारी?"

"चार."

भागाकार मर्यादेत बसला. "मग ही खिशातली पुडी तेवढी फेका," मी म्हटलं.

"घरात हाय की एक बोलनारी. तुमी कशाला?" ते हसले. पुडी खिशातच राहिली.

मार्चमधल्या एका सकाळी जीप आली नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

मी शेवगावला त्यांच्या घरी गेले. शेजारणीने कुलूप काढलं. "बीबी जाऊन नऊ वर्सं झाली. पोरं सुरतेला. एकलेच हुते." मांडणीवर नावं कोरलेली चार ताटं उभी होती. "खायाचे एकात," ती म्हणाली, "पन रोज चारी घासायचे."

कार्यालयात येऊन त्यांचा फॉर्म काढला. चारवर काट मारून एक लिहिलं. मीठ चौपट झालं. सोबत जेवायला कोण असतं, असा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

आता मी नुसता आकडा घेत नाही. काल जेवायला कोण कोण होतं, ते नावानिशी लिहून घेते.

रशीदभाईंनी मला चारही नावं सांगितली असती.