यंदा आलेल्या दोन बंदुका

खंडेनवमीला देवासच्या आमच्या गल्लीतली अर्धी मंडळी गल्लीतल्याच एका काकांकडे शस्त्रपूजेला जातात. त्यांना जुन्या ठासणीच्या बंदुका जमवायचा नाद आहे. कागदपत्रं चोख, नळ्यांना तेल, आणि बोलणं असं की जणू घरात सुना आणल्या आहेत. "ही यंदा मनावर गावाहून आली. अजून रुळायची आहे."

कोणाच्याही हातात बंदूक देण्याआधी ते नळीत लोखंडी गज सोडतात. तळाशी ठण्ण वाजलं की मान हलवतात. "आधी रिकामी आहे हे ऐकायचं, भिया, मग तारीफ करायची." तो गज ते दुसऱ्या कोणाला धरू देत नाहीत.

यंदाची दुसरी बंदूक आमच्याच धारच्या घरातली. वडील गेल्यावर मीच ती काकांना दिली होती. तिच्या तडकलेल्या दस्त्यावर आजोबांनी गुंडाळलेली पितळी तार काकांनी काढली नव्हती, उलट घासून लखलखीत केली होती.

शेजारच्या वकिलांनी विचारलं, "क्यों काकाजी, ये भी आपकी हो गई?"

"मेरी कहाँ, भिया! यांच्या आजोबांची आहे. माझ्याकडे राहायला आली आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिलं कुंकू तुमचं." आणि आधी गज माझ्या हातात दिला.

मी तो नळीत सोडला. तळाशी ठण्ण वाजलं, आणि काकांच्या आधी माझीच मान हलली.