माजुरोचं जहाज आणि आमचा निरफणस

निघायच्या सकाळी आयेने दारापुढच्या खळ्यातल्या तुळशीपुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचं काम खरं बाबांचं, पण ते आधीच गेलेले, म्हणून तिनेच पदर सावरून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माजो झील परमुलखात चललो हा. तेका सुखाचो ठेव आणि परत माज्या दारात हाड." शेजारची शेवंतीकाकी, दादा आणि मी, तिघांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मग आयेने घरामागच्या परड्यातल्या निरफणसाच्या तळलेल्या कापांचा डबा माझ्या हातात कोंबला. "दोन वर्सां म्हणजे काय रे, असो गेलंस नि असो इलंस."

ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. मी कुवेतला, जलीब वस्तीतल्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि शुऐबा बंदरावर जहाजांचे दोर बांधतो. उन्हाळ्यात दोर असे तापतात की हातमोज्यातूनही चटका बसतो. गावच्यांना मात्र फोटोत फक्त निळं पाणी दिसतं. म्हणतात, मजा आहे बुवा तुझी. म्हणू देत.

आये गेली तेव्हा माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकला होता. दादाने व्हिडिओ कॉलवर तिची चिता दाखवली. मी पलंगावर बसून पोरासारखा रडलो आणि खोलीतले बाकीचे गुपचूप उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून घराला कुलूप आहे. दादा विरारला असतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "बंद घराक वाळवी लागता. हॉटेलवालो मागता हा. तू फक्त हो म्हण." शुक्रवारी सुट्टीला फोन करून हो म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात ते जहाज लागलं. पाठीवर माजुरो लिहिलेलं. तशी इथे कितीतरी येतात. माजुरो ही पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांची राजधानी, जहाजांची नुसती नोंद तिथली. खलाशी फिलिपिनो नाहीतर आपलेच. नाव गावाचं आणि गावचा माणूस औषधालाही नाही. म्हणून मी चेष्टेत ओरडायचो, "माजुरोवाला कौन है?" सगळे हसायचे. या वेळी एकाने हात वर केला.

त्याचं नाव अ‍ॅल्सन. जहाज दुरुस्तीसाठी थांबलं होतं, त्यामुळे शिडीखालच्या सावलीत मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये गप्पा झाल्या. त्याने आईच्या अंगणाचा फोटो दाखवला आणि मी उडालोच. अरे, हा तर आमचा निरफणस! त्यांच्याकडे तो निखाऱ्यावर भाजून खातात, आम्ही रवा लावून तळतो. दोघेही एकदम खूश झालो.

मग तो म्हणाला, हे अंगण आपलं नव्हे. त्यांचं मूळ बेट बिकिनी. त्याची आजी लहान असताना अमेरिकेचं आरमार आलं आणि अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी बेट मागितलं. थोड्या काळाचाच प्रश्न आहे असं समजून माणसांनी पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहिली, निरोप घेतला आणि बोटीत चढली. मधे काही जण परतले, पण त्यांनाही पुन्हा हलवलं; तिथे आजतागायत वस्ती नाही. माडांना आता नारळ लागतात, पण मातीतलं विष त्यांच्यात उतरतं. त्यांच्या लोकांत जमीन आईकडून येते. त्याच्या आजीने त्याच्या आईला दिली ती न बघितलेली जमीन, आणि आईने मुलांना.

मी त्याला आमच्या घराचं सांगितलं. विकतोय म्हटलं. त्याने एवढंच विचारलं, "तुमच्या झाडाचं फळ खाता येतं?"

"येतं."

 मला त्याच्या नजरेला नजर देववेना.

शुक्रवारी मी दादाला सांगितलं, "इकूचा नाय."  तो रागावेल असं वाटलं होतं, पण हळूच म्हणाला, "बरा. पण मगे थंय ऱ्हवतलो कोण?"

 

काल शेवंतीकाकीने आमच्या परड्याचा फोटो पाठवला. झाडाखाली निरफणस पडून फुटलेत, मुंग्या लागल्यात. मी फोन केला, "काकी, तुमी खावा गो." ती म्हणाली, "खातंय रे. पण तुझी आये नाय, तू नाय. घशाखाली उतरणा नाय."

घर म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं तर मी सांगेन, जिथलं फळ अजून खाता येतं ती जागा. अ‍ॅल्सनकडे ती नाही. माझ्याकडे आहे, आणि मी जलीबच्या पलंगावर बसून फोटोतला निरफणस बोटांनी मोठा करून बघतो.