गोजरबाईंचा कपड्यांचा धडा

नरसीजवळच्या एका खेड्यात गोजरबाई आपल्या ओसरीवर पोरींना मराठी शिकवायच्या. सरकारी शाळा निजामाची, तिथं सगळं उर्दूतून. आणि पोरींना तिथं धाडतो कोण? बाई माहेरी वाशीमला चार यत्ता शिकलेल्या, तेवढ्या शिदोरीवर त्यांचं चाललं होतं. पाट्यांची वानवा. म्हणून बाई एखादी वस्तू समोर धरून तिचं नाव सांगत आणि पोरी त्यावर एकेक वाक्य करत.

कपड्यांचा धडा मात्र त्या नवऱ्याच्याच कपड्यांवर घेत. संतराम आखाडा बाळापूरच्या बाजाराला म्हणून निघाला, त्याच दिवशी कयाधूला पूर आला आणि पुन्हा तो कुणाला दिसला नाही. गाव म्हणे, बुडाला. बाई म्हणत, मुडदा कुणी पाहिला? त्या कुंकू लावत राहिल्या, पेटीतले त्याचे कपडे धुऊन वाळवत राहिल्या. बाईंच्या या हट्टाचा गावाला राग यायचा आणि कीवही यायची.

शेचाळीस साली बारा वर्षं भरली; इतकी वर्षं न परतलेला माणूस मेला असं धरायची रीत होती. धाकटा दीर रामकिशन खाली मान घालून सांगून गेला, की आता पळसाच्या पानांचा पुतळा करू, दादाचा एक जोड त्याला नेसवू आणि अग्नी देऊ. कपडे न्यायला तो उद्या येणार होता. पुतळा जळाला की कुंकू पुसायचं. बाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम कपड्यांचाच धडा काढला. कपडे शिकवायला लागतात, देता येणार नाहीत, असं त्या दिराला सांगणार होत्या.

त्यांनी सदरा वर धरला. शालू म्हणाली, सदरा पांढरा आहे. मग मनकर्णाची पाळी आली. सहा वर्षांची ही पोर आठ दिवसांपूर्वीच मावशीकडे आली होती. संतरामचं नावही तिच्या कानावर आलेलं नव्हतं.

"सदरा वल्ला हाय," ती म्हणाली.

पोरी खिदळल्या. बाईंनी हात फिरवून पाहिला. सदरा कडकडीत वाळलेला होता. त्यांनी धोतर उचललं.

"धोतरात रेती हाय."

बाईंनी घडी उलगडून झटकली. एक कण पडला नाही. आता कुणी हसेना. धडा इथंच थांबवावा असं बाईंना फार वाटलं, पण बारा वर्षांत त्यांच्या माणसाची खबर कुणी पहिल्यांदाच देत होतं. त्यांनी उपरणं उचललं. मनकर्णानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंच्या खांद्यामागं, रिकाम्या भिंतीकडं बघत होती.

"उपरणं द्या की त्यायला. गारठून राहिले ते."

मागं वळून बघायची बाईंची छाती झाली नाही. त्यांनी पोरींना घरी लावून दिलं.

रामकिशन आला तो मनाची तयारी करूनच, वहिनी भांडणार म्हणून. बाईंनी पेटीच त्याच्यापुढं सरकवली. तो चाचरत म्हणाला, एक जोड पुरे.

"समदे न्या, भावजी," बाई म्हणाल्या. "आन् लाकडं जास्तीची रचा. लई थंडी वाजून राहिली त्यायला."