आईची गाणी आणि कूलर

चैत्रात, एका सोमवारी, आई गेली.

कानबाई देवीच्या सणाला तिने गायलेली अहिराणी गाणी फक्त माझ्या जुन्या संगणकात होती. नवे काही घेणे परवडणारे नव्हते, म्हणून तोच संगणक वायफायला जोडला, म्हणजे घरातल्या कोणत्याही मोबाइलवर ती वाजतील. पण वैशाखात जळगावच्या उन्हाने तो तापून सारखा बंद पडे. परत सुरू होईल की नाही, या धास्तीने माझे वाचनातही लक्ष लागेना. शेवटी आम्ही इथे सगळ्यावर करतो तोच उपाय केला आणि कूलर त्याच्याकडे वळवला.

दुपारी धुळ्याहून मावशी आली. "अरे भाऊ, त्याले सर्दी हुई जाई ना!" ती हसत म्हणाली.

मी हात लावला. संगणकाचा डबा ओला होता.

तो उघडून वाळवला, पण दोन दिवस लावायचा धीर झाला नाही. लावल्यावर आतून टकटक ऐकू येऊ लागली. मी घाईने, हाती लागेल तसे, एकेक गाणे पेनड्राइव्हवर घेत होतो, तेवढ्यात पडदा काळा झाला. नंतर तो उजळलाच नाही.

पेनड्राइव्ह आता राउटरला लावलेला असतो. त्यात नैवेद्याचे रोट भाजतानाचे गाणे आहे आणि विसर्जनाचे आहे. मधली नाहीत.